भाकणूक वेगळी, करणीचा आळ वेगळा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही निपाणी भागातल्या आहात आणि इतिहासात एम.ए. करताय. नॉर्मन कोन या ब्रिटिश इतिहासकाराची पुस्तकं मार्गदर्शकांनी वाचायला दिली आहेत. छळ, पूर्वग्रह आणि जगबुडीच्या श्रद्धा यांचा त्यांनी जोडलेला संबंध वाचताना तुम्हाला आपल्याकडच्या दोन गोष्टी आठवल्या. पहिली, आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथांच्या यात्रेत होणारी भाकणूक, म्हणजे येणाऱ्या वर्षाचं भविष्यकथन. दुसरी, आज्जीनं सांगितलेली, तिच्या आईच्या वेळची हकिकत. प्लेगात सगळं गाव रानात झोपड्या घालून राहिलं, तेव्हा एका बाईवर करणीचा आळ आला आणि तिला झोपड्यांच्या आसपासही फिरकू दिलं नाही. या दोन्ही मिळून ‘सीमाभागातील प्रलयकल्पना आणि छळ’ असा प्रबंध होईल का आणि कोन यांची मांडणी इथं लागू पडेल का, असं तुम्ही विचारलंय.

प्रबंध होईल, पण या दोन गोष्टी एका दावणीला बांधू नका. बेळगावात चौतीस वर्षं इतिहास शिकवला आणि खानापूर, हुक्केरी, चिकोडी या तालुक्यांत रोगराईच्या आठवणी गोळा करत फिरलो, त्यावरून सांगतो. भाकणुकीचं एक जग आहे आणि आळ घेण्याचं दुसरं. कधीकधी ती एकमेकांना भेटतात. ती कधी भेटतात आणि एरवी का भेटत नाहीत, हाच तुमचा खरा विषय आहे. ‘श्रद्धा असली की छळ होतो’ असं गृहीत धरून निघालात, तर यात्रेला येणारे हजारो भाविक तुमच्या प्रबंधात उगाच आरोपी होऊन बसतील. तो त्यांच्यावर अन्याय होईल.

आता कोन यांच्याबद्दल. ते जन्मले १९१५ साली लंडनमध्ये, वारले २००७ साली. वडील ज्यू, आई कॅथलिक. शिक्षण भाषांचं आणि नोकरीची सुरुवातीची वर्षंही फ्रेंच शिकवण्यात गेली. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात होते. युद्ध संपल्यावर व्हिएन्नात त्यांची गाठ एका बाजूला निर्वासितांशी आणि दुसऱ्या बाजूला नाझींच्या ‘एस.एस.’ या सशस्त्र दलातल्या पकडलेल्या माणसांशी पडली. शिकली-सवरलेली माणसं एका अख्ख्या समाजाला जगाच्या नाशाचं मूळ समजून, मन शांत ठेवून, संपवू कशी शकतात, हा प्रश्न तिथून त्यांच्या मागे लागला आणि शेवटपर्यंत सुटला नाही. पुढे ससेक्स विद्यापीठात छळ आणि नरसंहार यांवर संशोधन करणारं एक केंद्र १९६६ पासून त्यांनी चालवलं. त्यांची पुस्तकं मध्ययुगाबद्दल असली तरी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर १९४५ आहे, हे वाचताना विसरू नका.

त्यांची पुस्तकं तुम्हाला बहुधा एकच सिद्धांत म्हणून शिकवली गेली असतील. मी ती वेगवेगळी वाचतो.

पहिलं ‘द पर्स्यूट ऑफ द मिलेनियम’, १९५७ चं. मराठी बायबलात ज्याला ‘प्रकटीकरण’ म्हणतात त्या शेवटच्या पुस्तकात हजार वर्षांच्या राज्याची कल्पना आहे. ख्रिस्त परत येईल, दुष्टांचा पाडाव होईल, संत राज्य करतील. कोन दाखवतात की अकराव्या ते सोळाव्या शतकात या कल्पनेला भलताच जोर चढला, आणि तो सगळीकडे नाही. ऱ्हाईनचं खोरं, फ्लँडर्स अशा भागांत, जिथं व्यापार आणि विणकाम वाढलं, लोकसंख्या वाढली, जुनं गाव सुटलं आणि नव्या शहरात कुणाचा आधार उरला नाही, अशा माणसांत. तिथं एखादा ‘प्रेषित’ उभा राहायचा आणि सांगायचा की शेवट जवळ आलाय, तुम्ही निवडलेले आहात, वाट अडवणारे संपवा. १०९६ साली पहिल्या क्रूसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, वाटेवर स्पायर, वर्म्स, माइंत्स इथल्या ज्यूंची कत्तल झाली. १५३४-३५ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात नव्या जेरुसलेमचं राज्य उभं राहिलं, लायडनच्या यानला तिथं राजा केलं आणि शेवट रक्तात झाला. त्या पुढाऱ्यांची प्रेतं ज्यांत टांगली ते लोखंडी पिंजरे तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर अजून आहेत.

दुसरं ‘वॉरंट फॉर जेनोसाइड’, १९६७ चं. ज्यूंनी जग ताब्यात घेण्याचा कट केलाय असं सांगणाऱ्या एका बनावट दस्तऐवजाचा तो इतिहास. रशियात तो १९०३ साली छापला गेला. १९२१ साली लंडनच्या टाइम्सनं दाखवून दिलं की त्यातला मोठा भाग १८६४ च्या एका फ्रेंच राजकीय उपहासग्रंथातून उचललेला आहे आणि त्या मूळ ग्रंथात ज्यूंचा संबंधही नाही. खोटेपणा असा उघड झाल्यावरही तो खपतच राहिला.

तिसरं ‘युरोप्स इनर डेमन्स’, १९७५ चं. तुमच्या कामाचं पुस्तक हे आहे. सुट्टीत एकच वाचायला वेळ असेल तर हेच वाचा.

यात कोन एका आरोपाची वंशावळ काढतात. दुसऱ्या शतकात रोमन लोक ख्रिश्चनांबद्दल म्हणत की हे रात्री लपून जमतात, लहान मूल मारून खातात आणि दिवा विझवून नात्यागोत्याचा विचार न करता व्यभिचार करतात. पुढे ख्रिश्चनांच्या हाती सत्ता आली. १०२२ साली फ्रान्समध्ये ऑर्लेआं इथं काही धर्मद्रोह्यांना जाळलं, त्यांच्यावर याच तऱ्हेचा आळ चिकटवला गेला. मग इतर पंथांवर आणि शेवटी चेटकिणी म्हणून पकडलेल्या बायकांवर. पंधराव्या ते अठराव्या शतकापर्यंत युरोपात चेटकिणी ठरवून सुमारे चाळीस ते पन्नास हजार माणसं मारली गेली, बहुतेक बायका. आरोप तोच राहिला, आरोपी बदलत गेले. काल ज्यांच्यावर आळ होता त्यांचेच वारस आज दुसऱ्यावर तोच आळ घेत होते.

यामुळे प्रश्नच उलटा होतो. ‘त्या बाईनं खरंच काही केलं होतं का’ हे विचारायचं सोडून आपण विचारतो की हा आळ आधी कुणावर होता, तो इथं कुणी आणला आणि या वेळी तो चिकटला का. मी स्वतः हे फार उशिरा शिकलो.

खानापूर तालुक्यातल्या एका गावातली गोष्ट सांगतो. गावाचं नाव देत नाही. तिथं मी ‘वार पाळण्या’बद्दल विचारायला गेलो होतो. तुम्हाला ठाऊकच आहे, रोगराई आली किंवा देवीची यात्रा तोंडावर आली की ठरावीक वारी कुणी शेतात औत धरायचं नाही, कांडायचं-दळायचं नाही, अशी आपल्याकडची रीत. बोलता बोलता एका म्हाताऱ्यानं सांगितलं, ‘एक बाई होती बघा, तिनं वार मोडला आणि करणीपण तीच करायची. हाकलली तिला, मग पटकी थांबली.’ पटकी म्हणजे कॉलरा. मी ते लिहून घेतलं. श्रद्धेचा एक उत्तम नमुना मिळाला म्हणून खूशही झालो. दोन वर्षांनी त्याच गावातली एक सासुरवाशीण तिच्या माहेरी भेटली. तिच्या सांगण्यात वाराचं नावही नव्हतं. ‘ती एकटी होती की ओ, नवरा मेलेला, मूल नाही, बोलायला तिखट. दिराच्या घराशी भांडण.’ आणि पुढे केव्हातरी दुसऱ्याच कामासाठी जमिनीचे जुने उतारे बघत असताना त्या बाईच्या नावचा तुकडा दिसला. ओलिताची जमीन, फार नाही, वीस-बावीस गुंठे. ज्या साली पटकी आली असं म्हातारा सांगत होता, त्याच्या पुढच्याच वर्षी ती जमीन पुतण्यांच्या नावे लागलेली.

यावरून पुतण्यांनीच आळ रचला असं सिद्ध होत नाही. उताऱ्यावरून नाव कधी बदललं ते कळतं, का बदललं ते कळत नाही. कदाचित आळ आधी आला असेल आणि जमिनीची सोय नंतर सुचली असेल. कदाचित ती बाई आधीच वारली असेल. पण पहिल्या म्हाताऱ्याची हकिकत ऐकून मी ‘अंधश्रद्धेमुळे छळ’ असं लिहून मोकळा होणार होतो, ते चुकीचं ठरलं असतं. पटकीची भीती खरी होती, वाराची रीत खरी होती आणि जमिनीचा वादही खरा होता. त्या तिन्हींची गाठ एका एकट्या बाईवर येऊन बसली.

आता भाकणुकीकडे येऊ. तुम्ही ती लहानपणापासून ऐकलेली, त्यामुळे मी वेगळं सांगायला नको. पाऊसपाणी, पिकं, भाव, रोगराई, युद्ध, राजकारण, सगळं त्यात येतं आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापूनही येतं. पलीकडे पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत तीच तऱ्हा. कन्नड भागात मैलारचा कारणिक प्रसिद्ध आहे, तिथं एका वाक्यात वर्षाचं भविष्य सांगतात आणि लोक पुढे वर्षभर त्या वाक्याचा अर्थ लावत बसतात. कन्नडमध्ये तर ‘कालज्ञान’ नावाची भविष्यकथनाची जुनी वाङ्मयपरंपराच आहे. भाकणुकीत वाईट दिवसांची वर्णनं असतात, त्यामुळे कोन वाचलेल्या विद्यार्थ्याला ती प्रलयाची वाणी वाटणं साहजिक आहे.

तरी माझं मत असं की कोन यांचं पहिलं पुस्तक इथं लागू पडत नाही. त्या पुस्तकातला शेवट एकदाच येतो. त्यानंतर इतिहास संपतो, म्हणून घाई असते आणि घाईत तलवार निघते. आपली भाकणूक दरवर्षी येते. या वर्षी युद्ध सांगितलं, पुढच्या वर्षी पुन्हा पेरणीचं सांगायचंच आहे. शिवाय ‘कलियुग भरलं’ असं आपण उठता-बसता म्हणतो, पण पारंपरिक हिशेबानं कलियुग चार लाख बत्तीस हजार वर्षांचं आणि त्यातली जेमतेम पाच हजारांच्या वर झाली आहेत. एवढा लांबचा शेवट कुणाला घाई करायला लावत नाही. आणि भाकणुकीत बहुधा अमुक जातीचे, अमुक घरातले लोक या संकटाचं मूळ आहेत असं बोट दाखवलेलं नसतं. आपण सगळेच चुकलो, धर्म सुटला, माणुसकी सुटली, असा सूर असतो. दोष सगळ्यांच्या पदरात असला की एकाला पकडून बाहेर काढता येत नाही.

हे मी दोन प्रसंगांवरून ताडून पाहिलंय. १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही आली, आठ ग्रह मकर राशीत. देशभर जग बुडणार अशी आवई होती, जागोजागी होम झाले, जप झाले. त्यावेळच्या आठवणी मी आपल्या भागात पुष्कळ ऐकल्या. कुणी दागिने मोडून खाल्लं, कुणी नातेवाईक एका घरात जमवले, म्हणजे मरायचं तर सगळे एकत्र. दुसरा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरचा. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब पडणार म्हणून कोंबड्या कापून खाणारी, उधारी कशाला फेडायची म्हणणारी माणसं मी पाहिली. ते ११ जुलैला हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात जाऊन पडलं. या दोन्ही वेळी भीती भरपूर होती. पण या भीतीपायी कुणाला मारलं, हाकललं अशी एकही गोष्ट मला कुठल्या गावात ऐकायला मिळाली नाही. ग्रहांवर आणि यंत्रावर आळ घेता येत नाही. शेजारणीवर घेता येतो.

रोगराईत मात्र तसं होत नाही. रोग घरोघर फिरतो, एकाकडे जातो, दुसऱ्याकडे जात नाही, म्हणून ‘कुणी आणला’ हा प्रश्न लगेच उठतो. युरोपात १३४८-४९ मध्ये प्लेग आला तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष टाकलं अशी अफवा उठली. जिनिव्हा सरोवराकाठच्या शियॉं किल्ल्यात काही ज्यूंचे हाल करून त्यांच्याकडून कबुलीजबाब घेतले आणि ते जबाब पत्रांनी शहराशहरांत पाठवले. १४ फेब्रुवारी १३४९ ला स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळलं. तोपर्यंत त्या शहरात प्लेग पोचलेलाही नव्हता. शियॉंहून निघालेली पत्रं मात्र पोचली होती. ज्यूंकडून घेतलेली कर्जं त्यानंतर बुडीत निघाली, हेही नोंदलेलं आहे. पोप सहावे क्लेमेंट यांनी तेव्हाच सांगून पाहिलं की ज्यूही प्लेगनं मरतायत आणि जिथं ज्यू राहतच नाहीत तिथंही प्लेग आहे. इतकं साधं म्हणणं, पण ज्यांनी आधीच ठरवलं होतं त्यांनी ते ऐकलं नाही.

आपल्याकडच्या प्लेगची हकिकत याच्याशी ताडून बघा. १८९६ मध्ये तो मुंबईत आला आणि पुढच्या दोनेक वर्षांत बेळगाव-धारवाडकडे पसरला. हुबळीत १८९८ साली हाफकिन यांची लस मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. या काळात आळ दोन दिशांनी गेलेला दिसतो. खाली गेला तो करणीवाल्या बाईवर, परगावच्या फिरस्त्यावर. वर गेला तो सरकारवर. दवाखान्यात नेऊन माणसं मारतात, त्यांच्या अंगातून मोमियाईचं तेल काढतात अशी अफवा होती आणि मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांनी हल्लाही केला. आळ कायम दुबळ्यावरच येतो असं नाही. पण बलवानावर आलेला आळ टिकत नाही, त्याच्याकडे पोलीस असतात, छापखाना असतो. दुबळ्यावरचा आळ पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तुमच्या आज्जीला सरकारवरच्या अफवा आठवत नसतील, त्या बाईची गोष्ट आठवते.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारी टोळी समजून जमावानं मारलं. ती माणसं मंगळवेढ्याकडची. त्याच महिन्यात आपल्या राज्यात बिदर जिल्ह्यात मुर्की गावात शाळेजवळ मुलांना चॉकलेट दिलं म्हणून हैदराबादहून आलेल्या तरुणांवर जमाव धावून गेला आणि त्यातला एक मारला गेला. रोमन लोक ख्रिश्चनांबद्दल जे म्हणत तेच मूळ इथं आहे: ‘हे आपली पोरं नेतात.’ शियॉंहून गेलेल्या पत्रांच्या जागी फोनवर फिरणारा संदेश, एवढाच फरक. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या काळात, भाजीवाल्यांच्या धर्मावरून फिरलेले संदेश तुमच्याही फोनवर आले असतील. वाईट वाटतं सांगताना, पण ते पाठवणाऱ्यांत माझे काही जुने विद्यार्थी होते, ज्यांना मीच स्ट्रासबुर्ग शिकवलं होतं.

कोन यांच्या पुस्तकातली आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी वाचली जात नाही, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. करणी-चेटकावरचा विश्वास युरोपात फार जुना. मग मोठे खटले इतक्या उशिरा का? त्यांचं एक उत्तर न्यायाच्या पद्धतीत आहे. जुन्या पद्धतीत फिर्याद करणाऱ्यालाच आरोप सिद्ध करावा लागे आणि सिद्ध झाला नाही तर जी शिक्षा आरोपीला व्हायची ती फिर्यादीला होऊ शके. साहजिकच लोक शेजारणीला चेटकीण म्हणून कोर्टात खेचायला दहा वेळा विचार करत. तेराव्या शतकापासून पद्धत बदलली. न्यायाधीशच चौकशी करणार, तोच छळ करून कबुली घेणार, फिर्यादीला काही तोशीस नाही. आळ घेणं फुकट झालं, तेव्हा खटले वाढले.

हे वाचल्यापासून मी आपल्या गावांकडेही तसंच बघतो. आळ घेणाऱ्याला काय मोजावं लागतं? बहुतेक वेळा काहीच नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखादी व्यक्ती करणी करते असं जाहीर करून तिचं जगणं मुश्किल करणं हाच गुन्हा धरलाय. कर्नाटकातही २०१७ चा कायदा आहे आणि तो जानेवारी २०२० पासून लागू झालाय. लोक याला श्रद्धेविरुद्धचा कायदा म्हणतात. मी त्याला आळ घेण्याची किंमत परत बसवणारा कायदा म्हणतो.

जिथं सरकारच फिर्यादी झालं तिथलं उदाहरण आपल्या भागात आहे, आणि तिथं मी स्वतः चुकलो होतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या नव्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यालाही लागू झाला. हुबळी, विजापूर, सोलापूर इथं तारेच्या कुंपणातल्या वसाहती झाल्या. हजेरी, पास, रात्री आत. जमात जन्मानंच चोर, म्हणून पाळण्यातलं पोरही चोर. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण नजर गेली नाही. पस्तीसएक वर्षांपूर्वी मी हरणशिकारी समाजावर एक लेख लिहिला. त्यात इंग्रजी अमदानीतल्या एका सरकारी ग्रंथातली त्यांच्या ‘सवयीं’ची वर्णनं मी जशीच्या तशी मराठीत उतरवली. सरकारी छापील आधार होता, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. एका तालुक्याच्या ठिकाणी व्याख्यान संपल्यावर मागे उभा असलेला एक मनुष्य म्हणाला, ‘सर, माझा आजा त्या कुंपणात जन्मला. त्यानं काय चोरलं होतं ते पण लिवा की.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी कुठलंही कागदपत्र वाचताना आधी बघतो की हे लिहिणाऱ्याला कुणाला कैदेत ठेवायचं होतं.

स्वतः कोन यांनी हे फार चोख केलंय. चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये तुलूझ-कार्कासोनकडे चेटकिणींचे प्रचंड खटले झाले असं इतिहासकार पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आले होते. कोन यांनी मूळ शोधलं तर तो सगळा प्रकार लामोथ-लांगों नावाच्या लेखकानं १८२९ च्या आपल्या ग्रंथात रचलेला निघाला. खटलेच झाले नव्हते. इतिहासकार रिचर्ड कीकहेफर यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तेच दाखवलं. त्यामुळे चेटकिणींच्या छळाचा कालक्रमच बदलावा लागला. एका कादंबरीकाराच्या कल्पनेवर दीडशे वर्षांची विद्वत्ता उभी होती. आपल्या स्थानिक इतिहासाच्या पुस्तिकांत एकाचं वाक्य दुसरा उचलतो तेव्हा मला हेच आठवतं.

कोन यांच्यावरचे आक्षेपही प्रबंधात द्या. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत त्यांनी मध्ययुगीन पंथांपासून थेट विसाव्या शतकातल्या हुकूमशाह्यांशी सांधा जोडला, तो अनेकांना ओढूनताणून वाटला. इतिहासकार रॉबर्ट लर्नर यांनी १९७२ साली ‘मुक्त आत्म्या’च्या मध्ययुगीन पंथाबद्दल दाखवलं की कोन यांनी त्या पंथाच्या शत्रूंच्या साक्षींवर जास्त विसंबून त्याला आहे त्याहून भयंकर रंगवलं. म्हणजे जी चूक त्यांनी पुढच्या पुस्तकात इतरांची पकडली तीच आधी त्यांच्याकडून झाली होती. आणि शेवटी शेवटी ते सगळं मनोविश्लेषणावर नेतात, सुप्त मनातली भीती, दडपलेल्या इच्छा वगैरे. ते खरं असेलही, पण निपाणीच्या रानातल्या झोपडीत १९०० च्या आसपास कुणाच्या सुप्त मनात काय होतं हे तुम्हाला-मला कळण्याची सोय नाही. उतारा, जबाब, नातीगोती, कोण कुठं राहत होतं, हे कळू शकतं.

तर थोडक्यात: पहिलं पुस्तक पार्श्वभूमीसाठी ठेवा, तिसऱ्यातली पद्धत घ्या. भाकणुकीला एक वेगळं प्रकरण द्या आणि ती छळाकडे का नेत नाही हे दाखवा. ‘इथं छळ झाला नाही, का झाला नाही’ हाही निष्कर्षच असतो. मग प्लेग आणि आळ. विषय संपूर्ण सीमाभागाचा न ठेवता दोन-तीन गावांचा ठेवा.

साधनांबद्दल. इथं बरंच तुमच्या गावावर अवलंबून आहे. गाव इंग्रजी अमलातलं होतं की संस्थानी, ते आधी बघा. रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं, बेळगावला लागूनच असलेलं शहापूर सांगलीकरांकडे. एकाच प्लेगात रस्त्याच्या अलीकडे एक सरकार आणि पलीकडे दुसरं. इंग्रजी मुलखाचे कागद मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात, कोल्हापूरचे कोल्हापुरात. मोडी येत नसेल तर आत्ताच शिकायला लागा, तीन महिन्यांत वाचण्यापुरती येते. आणि कन्नड टाळू नका. आपल्यातल्या पुष्कळांना १९५६ नंतरच्या जखमेमुळे कन्नड कागद हातात घ्यावासा वाटत नाही, ते मला समजतं, मीही त्याच घरात वाढलो. पण आपण ज्याला करणी म्हणतो त्याला शेजारचं गाव ‘माट’ म्हणतं, आणि मी जिथं जिथं विचारलं तिथं करणी येते ती शिवेपलीकडून. मराठी गावात विचारलं तर कन्नड वस्तीतून, कन्नड गावात विचारलं तर मराठी वस्तीतून. दोन्हीकडचं ऐकल्याशिवाय हे दिसत नाही. आपल्यावर अन्याय झालाय या भावनेनं भरलेलं मन दुसऱ्याचा आळ लवकर खरा मानतं, म्हणून आपल्याला ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

शेवटी तुम्ही विचारलंय की त्या बाईची ओळख प्रबंधात द्यावी का. तिचे वारस गावात असतील तर त्यांना विचारल्याशिवाय छापू नका, शंभर वर्षांनीही नातीच्या लग्नात हा आळ आडवा येऊ शकतो. पण तुमच्या वहीत ती ओळख असली पाहिजे. तुमच्या प्रश्नात चार वेळा ‘ती बाई’ असं आलंय. आज्जी नव्वदीच्या आहेत असं तुम्ही लिहिलंय, तर मार्गदर्शकांची पुढची भेट होईपर्यंत थांबू नका. या रविवारी गावी जा, फोनवर रेकॉर्डिंग लावून समोर ठेवा आणि करणीबद्दल काही विचारायच्या आधी त्या बाईचं नाव काय होतं, माहेर कुठलं होतं आणि तिला कोण कोण होतं, एवढं विचारा.